वीज गेली तेव्हा तुझा निरोप आला नाही

नाही मानोंग, "तिकीट बघतोय" हे आता पुरे. ताताय गेले त्या दिवशी फोनवर तेवढं बोललास, त्यानंतर फोन उचलला नाहीस. तरी मोठा भाऊ आहेस, म्हणून रीतीप्रमाणे आधी विचारते: तब्येत बरी ना, जेवलास ना, टोरोंटोत थंडी फार नाही ना? (हे मी माझ्या हाताने टाइप केलंय. मुद्दाम सांगावं लागतंय.) इथे घरी, इलोइलोत, सगळे ठीक, ताताय सोडून. ते पुढच्या खोलीत, दुकानात, झेरॉक्स मशीन आणि तुझ्या कॉम्प्युटरच्या मधे पेटीत आहेत. तू येऊन बापाचा चेहरा बघेपर्यंत नानाय, आईच ना ती, त्यांना पुरू देत नाहीये. दुसरा आठवडा लागला. फ्युनरलवाला रोज येतो, त्यांच्या गालाला पावडर लावतो आणि माझ्याकडे बघून खांदे उडवतो.

जाताना तू दुकानाचा कॉम्प्युटर असा लावून गेलास की माणसाची गरजच उरू नये. सकाळचं स्तोत्र आपोआप, दुपारची प्रार्थना आपोआप, आणि संध्याकाळी सहा वाजता स्पीकरवर तुझा आवाज: "आल्याबद्दल आभार, उद्या पुन्हा या." झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाला ठीक आहे रे. पण मयताच्या घरी आलेल्यांचे आपल्यात कोणी आभार मानत नाही, दारापर्यंत सोडायलाही जात नाही, आणि पुन्हा या असं तर शत्रूलाही म्हणत नाही. पहिल्याच संध्याकाळी म्हातारी लोला पासिंग निघायला उठली आणि तू पेटीच्या डोक्याशी स्पीकरमधून बोललास. तिच्या हातातलं बिस्किट पडलं. मरण मागे लागू नये म्हणून ती थेट घरी न जाता आधी बाजारात, मग बेकरीत, मग भाचीकडे गेली (म्हणे अजून तिथेच आहे). मी प्लग काढायला वाकले, तर नानायने माझा हात धरला. "राहू दे," म्हणाली, "तेवढं तरी बोलतो घरात." तेव्हापासून लोक साडेपाचलाच पळतात.

आता नानायच्या फोनवर येणारा तुझा रोजचा सकाळी सातचा निरोप: "नानाय, जेवलीस का, तातायना सांग गोळी वेळेवर घ्या." ताताय गेल्यावरही तो येतोच आहे, आणि नानाय पेटीपाशी उभी राहून त्यांना वाचून दाखवते. म्हणते, पोराला अजून खरंच वाटत नाहीये. मलाही तसंच वाटलं. मागच्या दारी जाऊन तुझ्यासाठी रडले मी, गाढवासारखी. मग मंगळवारी आपल्या गल्लीची वीज गेली आणि तुझा निरोप आला नाही. साडेनऊला पंखा फिरला, कॉम्प्युटर कुरकुरत उठला आणि नानायचा फोन वाजला: जेवलीस का. टोरोंटोतली माया आमच्या गल्लीच्या विजेवर चालते, हे मला तेव्हा कळलं. (इतके दिवस ती प्रिंटरखालच्या या कॉम्प्युटरमधून आपोआप येत होती, आणि मी तिच्यावरची धूळ पुसत होते.)

नानायला हे सांगितलेलं नाही.

तुझी धाकटी,
इनिंग

ता. क. मला उत्तर नकोय. तू येणार नाहीस, कळलंय. आज नानायला फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने सांग, मी येत नाही, त्यांना पुरा. त्याशिवाय ती झाकण लावू देणार नाही. मी सांगितलं तर मलाच खोटारडी म्हणेल. सकाळीच तर तुझा निरोप आलाय.

पुन्हा ता. क. तो निरोप मी बंद केलेला नाही. एका क्लिकचं काम होतं. पण मग उद्या तिला कोण विचारणार? फ्युनरलवाला ट्रायसिकल रिक्षा घेऊन दारात उभाय, सिमेटरीत कबरीची जागा बघायला चाललेय. माझा फोन घरीच ठेवतेय. तू तिच्याच फोनवर कर. निघाले.