रजिस्ट्रीआधी सामान नाही

माझ्या हट्टी आईस,

आज दुपारी जुनवानीच्या नव्या घराची रजिस्ट्री झाली. कागद हातात आला आणि सवयीनं वाटलं, आधी तुला दाखवावा. तू गेल्याला चार महिने झाले, हे त्या गर्दीत क्षणभर विसरलेच बघ. म्हणून हे पत्र.

आठवतं, आपण घर बघायला गेलो होतो तो दिवस? रांगेतलं शेवटचं घर, बिल्डरनं ‘सॅम्पल’ म्हणून सजवलेलं. मी पडद्यांवरच भाळले होते. तू मात्र ओट्यावर हात फिरवत विचारलंस, “हे घर कोणाच्या नावावर हाये?”

बिल्डर हसला. “माताजी, अभी तो मेरे नाम पे है. आप रहने आ जाओ, रजिस्ट्री होती रहेगी. घर आपका ही समझो.”

“मेराच है तो मेरी बेटी के नाम पे कर दे ना, बाबू!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

पुढे ते घर आपण बुक केलं, मी रिटायर झाले. सेक्टर ६ मधलं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, तरी तू ऐकेनास. “रजिस्ट्री झाल्याबिगर एक भगुणंही तिथं जाणार नाही.” नवं घर रिकामं आणि आपण हुडको वसाहतीत भाड्यानं! नातेवाईक हसायचे, मी तुझ्यावर चिडायचे. “जन्मभर कंपनीच्या घरात राहिलो, तेव्हा कुठे कागद पाहिला आपण?”

“म्हणूनच तर आता पाहून राहिली ना!”

आपण क्वार्टरची माणसं. अंगणात पेरू लावायचा, भिंतींना आवडीचा रंग द्यायचा. घर कोणाचं, हे विचारायची सवयच नाही. तुला ती कुठून लागली गं?

तुझंच खरं निघालं. रजिस्ट्रीआधी त्या रांगेत राहायला गेलेल्या शेजाऱ्यांच्या दारावर बँकेची नोटीस लागली. जमीन बिल्डरनं गहाण ठेवलेली! बिचारे अजून चकरा मारताहेत. राहिलेले पैसे थेट बँकेत भरून आपलं घर गहाणातून मोकळं करून घेतलं, तेव्हाच मी सही केली. तुझे किती आभार मानू?

पण एक गोष्ट सलते. दवाखान्यातून आणताना तू म्हणालीस, “गाडी जुनवानीकडून घे ना, एकदा पायतो.” मी फणकाऱ्यानं म्हणाले, “रजिस्ट्री झाल्यावर!” तू हसलीस. “बराबर हाये,” म्हणालीस. रागावली का नाहीस? तिकडून गाडी घेतली असती तर माझं काय जाणार होतं?

ऐंशी ओलांडल्यावर तुला किती दिवस राहायचं होतं त्या घरात? एकट्या लेकीला म्हातारपणी कोणी ‘रिकामं करा’ म्हणू नये, एवढ्यासाठी तू भाड्याच्या खोलीत थांबलीस. हे मला आज सही करताना कळलं. किती उशिरा!

उद्या सामान हलवतेय. शब्द देते आई, या घरातून मी कोणाच्याही सांगण्यावरून निघणार नाही.

तुझी,
आशा, घरमालकीण