शिदोरीच्या डब्यातला रेडिओ

जगदेवराव,

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेऊन राह्यली.

मुंबईच्या विमानतळावर पोलीस बाईनं डबा उघडाले सांगतला. मी म्हटलं, यात माह्या सासूच्या हातचे लाडू हायेत, बांधून देलेली शिदोरी मुक्कामाच्या आंधी सोडत नसतात. तिनं सोडली. लाडवायच्या खाली तुमी घरी बनवलेला रेडिओ निघाला. सायकलच्या ट्यूबनं बांधलेले सेल अन् उघडे तार. मी म्हटलं, मले ठाऊक नव्हतं. तिनं इचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं तर हे ठेवलं कोणी? नवऱ्यानं, असं माह्या तोंडातून निघालं नाही. तिकडं कुवेतचं विमान मले सोडून गेलं.

आत्याबाई म्हणतात, माह्या पोरानं पिरमानं ठेवला, तिकडं नागपूर स्टेशन ऐकाले. त्याले काही बोलू नको, त्याले रेडिओतलं काय समजते. पण तुमी अकोल्याकडच्या मालेगावात दुकान टाकून दिवसभर रेडिओच दुरुस्त करता. नागपूर स्टेशन कुवेतात लागत नाही, हे तुमाले ठाऊक नव्हतं काय? मंग काहून ठेवला?

नर्सच्या नोकरीवर जाऊ नको, एवढं तोंडानं म्हणाची हिंमत नव्हती तुमची.

कुवेतच्या दवाखान्यानं शुक्रवारचं दुसरं तिकीट देलं. मी अकोल्याची एसटी धरून राह्यली. पोलिसायनं खोललेला रेडिओ फडताळात हाये.

आत्याबाईनं आजही शिदोरी बांधली. मी गाठ न सोडता ती चुलीपाशी ठेवली. या घरात बांधलेलं काही मी आता संगं नेत नाही.

विजयमाला