लाल रंगाचं मशीन

प्रिय छोट्या,

फोन सोडून पत्र कसलं, म्हणून हसू नकोस. फोनवर तू चेष्टेत विषय उडवतोस आणि मला रडू फुटतं, मग सगळंच अर्धवट राहतं. खरं सांगते, मी फार घाबरलेय रे. माझ्या डोळ्यांतून रंग चाललेत.

माझं काम तुला ठाऊक आहे. दिवसभर संगणकावर टर्मिनलची ती काळी खिडकी आणि तिच्यात हुकूम टाइप करायचे. सगळ्या मशीनच्या खिडक्या सारख्याच दिसतात, म्हणून मीच रंग ठरवून दिले होते. दवाखान्यांचे खरे रिपोर्ट ज्या मशीनवर आहेत, तिथे ओळीच्या सुरुवातीचं मशीनचं नाव लाल. सरावाच्या मशीनवर हिरवं. सेटिंगच्या फाइलीत एकतीस लिहिलं की लाल, बत्तीस लिहिलं की हिरवं. लाल दिसलं की हात आवरायचा. नाव वाचायची सवय केव्हाच सुटली होती.

मग तो लाल मळकट वाटायला लागला. आधी ठळक केला, मग भडक, शेवटी अक्षरांमागे लाल पट्टाच ओढला. शेजारच्या टेबलावरचा आमचा बडबड्या म्हणाला, ताई, हे टर्मिनल आहे की सर्कशीचा तंबू! मी मॉनिटरला शिव्या घातल्या, भांडून नवा मागवला. तोही मेला तसाच.

गेल्या आठवड्यात सरावाचं मशीन रिकामं करायला बसले. पुसायचा हुकूम लिहिला आणि एंटर दाबणार, तोच बडबड्यानं माझं मनगट धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. समोर ढळढळीत लाल पट्टा होता म्हणे. मला तपकिरी दिसत होता, आणि आता हिरवाही तसाच दिसतो. किती आजारी माणसांचे रिपोर्ट गेले असते!

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याचा आजार आहे, हळूहळू वाढतो, औषध नाही. फाइलीतले रंग मी काढून टाकलेत, मशीनची नावंच मोठ्या अक्षरांत लिहिलीत. पण अक्षरं तरी किती दिवस दिसणार? चहा पितानाही कपाकडे टक लावून बघत बसते, रंग आहे ना अजून म्हणून. बाबांनी कंटाळा आला म्हणत गाडी विकली होती ना? त्याबद्दल आईला विचारलं, तर ती रडायलाच लागली; त्यांचेही रंग असेच गेले होते. हे बाबांकडून आलंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भाऊ काय करतो. शाळेची बस चालवतो, हे सांगितलं आणि मला तुझं बोलणं आठवलं. परवाच तू कुरकुरत होतास, हल्ली सिग्नलचे दिवे धड पेटतच नाहीत, लाल कुठला नि हिरवा कुठला कळत नाही. मीही तुझ्या हो ला हो केलं. अरे, त्याच चौकातून बडबड्या रोज येतो. दिवे लख्ख आहेत रे. नोकरीचं काय ते आपण दोघं मिळून बघू. आत्ता मात्र बसची चावी दुसऱ्या कुणाला दे आणि फाटकाबाहेर ये. हे पत्र ज्यानं तुझ्या हातात ठेवलं, तोच बडबड्या. त्याच्या स्कूटरवर मागे बस. मी दवाखान्यात तुझा नंबर लावून बसलेय.

तुझीच, वाट बघणारी,
ताई