प्रदर्शनातल्या बाईचे डोळे

श्रूजबरी, ४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. नीलांबरीमावशीस,
प्रीताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस!

आमच्या म्युझियममध्ये सध्या १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या वस्तू दुरुस्तीला काढल्यात. काय थाट होता गं त्या लोकांचा! विजेचे हजारो दिवे, आभाळाएवढा पाळणा, आणि देशोदेशीची जिवंत माणसं दोरीपलीकडे बसवलेली, तिकीट काढून बघायला. त्यात आपल्याकडची मातीची एक बाई सापडली. वीतभर उंच, गुडघा वर घेऊन उंबऱ्यावर बसलेली. चिठ्ठीवर लिहिलंय, खरी बाई समोर बसवून घडवलेली. नखंसुद्धा हुबेहूब, फक्त डोळे कोरे. मला राहवेना. तू मंडळाच्या गणपतीला शिकवलीस तशी डोळ्यांची आखणी करून टाकली. बॉसला अजून सांगितलेलं नाही.

डेकेअर बंद म्हणून आमची इला समोरच बसली होती. मी बुबुळ टेकवलं आणि ती म्हणाली, की बाई आपल्याकडे बघतेय. तेही इंग्लिशमध्ये! चार वर्षांची झाली, पण मराठीचा एक शब्द काढेल तर शपथ.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी प्रीता

एडिसन, ९ ऑक्टोबर

चि. प्रीतास अनेक आशीर्वाद.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण ते राहू दे. अगं, काय करून बसलीस हे! चूक माझीच. हात शिकवला, घरचा नेम सांगायचा राहिला. आमचे अण्णा, तुझे आजोबा, जन्मभर पेणला मूर्ती घडवत, पण माणूस समोर बसवून केलेल्या बाहुलीचे डोळे त्यांनी कधी आखले नाहीत. म्हणायचे, ते डोळे उघडताना जो समोर असेल, त्याची आणि बाहुलीची नजर एक होते. आम्ही हसायचो.

एक मात्र ऐक, काही झालं तरी ते डोळे पुसू नकोस. शेजारचा श्रीराम पुढच्या आठवड्यात तिकडे येणार आहे, त्याच्या गाडीतून येते. इलाला जप.

तुझ्या काळजीत,
मावशी

श्रूजबरी, १२ ऑक्टोबर

ती. स्व. मावशीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. उशीर झाला गं.

सोमवारपासून इला घडाघडा मराठी बोलायला लागली. यतीन तर लेकीचं मराठी ऐकून हरखून गेला, व्हिडिओ काढत सुटला. मी मात्र नीट ऐकलं. ती सांगत होती, की दोरीपलीकडे खूप माणसं उभी आहेत आणि हसतायत. परतीची बोट कधी सुटणार, असं सारखं विचारत होती. मग दारात जाऊन बसायला लागली, गुडघा वर घेऊन. तास तास पापणी हलेना. जेवणाचं नाव नाही. माझा धीर सुटला. काल म्युझियममध्ये गेले, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि ते डोळे पुसून टाकले.

आज सकाळी नऊला इला उठली. किचनमध्ये लख्ख ऊन होतं. माझा चेहरा हातांनी चाचपत तिने विचारलं, की अजून उजाडलं कसं नाही. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत. पण तिला दिसत नाही, मावशी.

श्रीरामच्या गाडीची वाट बघू नकोस. पत्र मिळताच नीघ, ब्रश घेऊन ये. ते डोळे तू पुन्हा आख. समोर मी बसेन, बाहुलीची नजर माझ्याशी जुळू दे आणि इलाची तिला परत मिळू दे.

माझ्यावरचा लोभ यापुढे इलावर असावा.
प्रीता