दोनशे सतरा नंबरची व्यवस्था

शुक्रवारी सकाळी विहारात वंदना घेतली, घरी येऊन माळ्यावरची एक जुनी छत्री खाली काढली, झटकली आणि चौदा वर्षांनी समोरच्या नवलच्या दुकानाची पायरी चढलो. का, ते पुढे येईल. मी राजदीप भिका सुरवाडे, वय एकोणपन्नास, राहणार नांदखेडे, तालुका पाचोरा, जिल्हा जळगाव. तब्येत ठणठणीत, डोकं जागेवर. कोणीही भरीस न घालता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

राहतं घर आणि दुकान पत्नी शिल्पा हिला. बँकेतली ठेव मुलगी मृणाली हिला. ती धुळ्याला शिकते. ठेव शिक्षणासाठी आहे, लग्नाचं तिचं ती बघेल. माझ्या एसटीडी बूथची काचेची केबिन विहाराला द्यावी. पुस्तकांचं कपाट चांगलं होईल.

आता दोनशे सतरा. हा बूथचा नंबर, १९९७ पासूनचा. सरकारने पुढे आकडे वाढवले, पण गाव आजही दोनशे सतराच म्हणतं. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांच्या लग्नपत्रिकांवर 'पी.पी.' म्हणून हाच छापलेला असे, आणि फोन आला की मी गल्लोगल्ली हाका मारत फिरे. ताईबाई अक्का अजून दर रविवारी येऊन बाकावर बसतात. त्यांचा मुलगा तोताराम सुरतेला. नवी कंपनी, फुकटची स्कीम आली की हा सिम बदलतो. अक्कांच्या वहीतले त्याचे अकरा नंबर बंद आहेत. त्याला मात्र दोनशे सतरा पाठ आहे.

पुढे मी बूथवर सरकारी मोबाइलची सिमंही विकू लागलो. २०११ साली मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा सरकारने दिली. नवलने समोर खासगी कंपनीची जाहिरातीची छत्री लावली आणि महिन्यात माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली. त्यात शिल्पाही होती. "घरात रेंज येत नव्हती," एवढंच म्हणाली. तिला मी माफ केलं, नवलला नाही. पुढे वावटळीत त्याची छत्री माझ्या अंगणात येऊन पडली, ती मी परत दिली नाही, माळ्यावर टाकली. हे इथे कबूल करतो.

गेल्या महिन्यात नोटीस आली: तांब्याची तार नोव्हेंबरअखेर बंद, नंबर टिकवायचा तर फायबर घ्या. गावात फायबरचं काम नवलकडे! त्याच्या दारात जायला नको म्हणून मी ठरवलं, नंबर मृत्युपत्रात शिल्पाच्या नावे लिहावा, पुढचं ती बघेल. पाचोऱ्याच्या वकील दिपमालाताई हसल्या. "नंबर सरकारचा असतो, भाऊ. तुम्हाला फक्त वापरायला दिलाय. आणि महिनाअखेर बंद पडलेला नंबर ठेवून जाणार कसा?" काहीच आपलं नसतं, हे विहारात इतकी वर्षं ऐकतोय, ताईंनी ते नियमासकट सांगितलं.

म्हणून शुक्रवारी गेलो. नवल खुर्चीतून उठला.

"ये भाऊ. बठ्ठं गाव उनं, तूच नही उना." सगळं गाव येऊन गेलं, मीच राहिलो होतो, हे खरंच. मग त्याचं लक्ष छत्रीकडे गेलं. "हाई तुनाकडे व्हती?"

"ऊन लागे रे," मी म्हटलं.

अर्जावर सही केली. नवलने स्वतः खांबावर चढून तार ओढली.

आज रविवारी नव्या तारेवर पहिला फोन सुरतेचा आला. बोलून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "तार बदलनी, पन तोताराम आते बी ज्वारीन्या बिबड्याच मांगस." आमच्याकडे ज्वारीच्या पापडांना बिबड्या म्हणतात.

नवलला या कागदाने काही मिळत नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये, असं वकीलताईंनी बजावलं आहे, आणि साक्षीदार मला तोच हवा होता. त्याला मी हाक मारून बोलावून घेतलं आहे.

लिहून देणार: राजदीप भिका सुरवाडे (सही)

साक्षीदार:
नवल जीवराम पाटील (सही)
ताईबाई कौतिक महाजन (अंगठा, मजकूर वाचून दाखवला)

नांदखेडे, ९ नोव्हेंबर २०२५