ब्लॅकटाउनच्या तीन शाळा आणि माझा एक अर्ज

ब्लॅकटाउन, सिडनी
राखीपौर्णिमा, २०२१

ती. शोभाताईस शैलेंद्रचा वाकून नमस्कार.

तू आणि उल्हासराव खुशाल असाल, दोघांचा दुसरा डोस झाला असेल आणि त्यांच्या गुडघ्याने जिन्याशी जुळवून घेतलं असेल, असं धरून चालतो. आम्ही तिघंही बरे आहोत. तुझी राखी अजून पोचलेली नाही (पोस्टाच्या साइटवर ती गेले सोळा दिवस नुसती 'निघाली आहे'). एक दिवसाआड फोनवर बोलत असताना मी हे पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तुझी भाची कादंबरी माझ्या मागे उभी असते आणि विषय तिचाच आहे, म्हणून.

जानेवारीत ती सातवीत, म्हणजे इथल्या हायस्कुलात जाईल. इथे तुमच्या पत्त्यावरून सरकारच शाळा ठरवून टाकतं. रांग नाही, देणगी नाही, मुलाखत नाही, कोणाची चिठ्ठी नाही. आमच्या वाट्याला घराजवळची शाळा आली आणि प्रवेश पक्का झाल्याचं पत्रही कधीच येऊन पडलं. कादंबरीची मैत्रीण तनया तिथेच जाणार, म्हणून लेक खूश. चालत जाता येईल म्हणून लीना खूश. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. तू अकरा वर्षं मुख्याध्यापिका होतीस, तूच सांग, जिथे कोणालाही हातपाय न जोडता शिरता येतं ती शाळा चांगली कशी असेल?

त्यात हा लॉकडाऊन. जूनपासून मी बेडरूममधून ऑफिस करतोय, लीना हॉस्पिटलात शिफ्टला, लेक दुसऱ्या खोलीत लॅपटॉपसमोर. नुसतं बसून माझ्या अंगाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मी शाळांची तुलना करायला घेतली (सरकारने त्यासाठी वेबसाइटच काढून ठेवली आहे, माझ्यासारख्यांचा विचार न करता). आसपासच्या तीन सरकारी शाळा आणि एक्सेलचे चौदा रकाने. तिसरी शाळा लगेच गळाली, कारण तिच्या फोटोंतली झाडून सगळी मुलं हसत होती. अभ्यास कधी करतात? उरली आमची पहिली आणि रेल्वेलाइनपलीकडची दुसरी. बेरजेत पहिली पुढे गेली की मी एखाद्या रकान्याचं महत्त्व वाढवायचो, मग दुसरी पुढे यायची. निकाल तू आधीच ठरवला आहेस तर कॉम्प्युटरला कशाला शिणवतोस, असं लीना म्हणाली. डॉक्टर माणसाला आकडेमोडीतलं काय कळणार!

पाच किलोमीटरच्या आत व्यायामाला परवानगी आहे, म्हणून मी दुसऱ्या शाळेच्या कुंपणाभोवती व्यायाम केला. आत चिटपाखरू नव्हतं, तरी पाण्याचे नळ मोजले, झाडं मोजली. चौथ्या फेरीला आतून एक केअरटेकर आला आणि "यू राइट, मेट?" म्हणाला. मी मास्कमधून सांगितलं की लेकीच्या प्रवेशाची चौकशी करतोय. "नो वरीज," असं म्हणून तो मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत माझ्याकडे बघत उभा राहिला.

मग त्याच शाळेने झूमवर पालकांसाठी माहितीची संध्याकाळ ठेवली. 'भावी कुटुंबांना भेटायला आम्हाला आवडेल' असं निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं. भेट म्हणजे मुलाखत, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. मी टाय बांधला (खाली पायजमा), कादंबरीला इस्त्रीचा गणवेश घालायला लावला, शिफ्टवरून दमून आलेल्या लीनाला शेजारी बसवलं आणि सर्टिफिकेटांची फाइल हाताशी ठेवली. स्क्रीनवर दीडशे चौकोन, सगळे काळे, उजेडात फक्त आम्ही. मला वाटलं, बाकीचे तयारीत कमी पडले. शेवटी प्रिन्सिपॉलबाईंनी "एनी क्वेश्चन्स?" विचारलं, तसा मी माइक चालू करून माझी डिग्री सांगितली, लीनाच्या दोन सांगितल्या, तुझी नोकरी सांगितली (रागावू नकोस) आणि कादंबरीला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावला. तिला तो तू शिकवलेला, तेव्हा मराठीतच येतो. पोरीने मान खाली घालून शेवटपर्यंत म्हटला. बाई "दॅट्स लव्हली" म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा प्रश्न घेतला, तो बसच्या वेळांचा होता.

"डॅड, नोबडी एल्स डिड दॅट," एवढंच म्हणून कादंबरी उठून गेली. काळ्या चौकोनांत तिच्या वर्गातल्या चार मुलींचे आईबाप होते, हे मला नंतर कळलं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीठ हवं असलं तरी लीनाकडून मागायची. ताई, मला फार लागलं ते. माझ्या मुलीला कोणीतरी बघून, पारखून घ्यावं, नुसती पत्त्यावर आलेली म्हणून नव्हे, एवढंच माझ्या मनात होतं. असो. त्या तीन दिवसांत मी दुसऱ्या शाळेला अर्ज करून टाकला. उल्हासरावांना नमस्कार सांग आणि गॅलरीतसुद्धा मास्क लाव.

तुझा,
शैलेंद्र

ता. क. पत्त्याबाहेरच्या शाळेला अर्ज करताना कारण द्यावं लागतं, आणि 'बापाला बरी वाटते' हे कारण चालत नाही. शाळा सुटल्यावर मुलाला सांभाळणारं कोणी नात्यातलं जवळ राहत असेल, तर चालण्याची शक्यता दिसली. तेव्हा सध्या तू त्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहतेस आणि लीनाच्या शिफ्टच्या दिवशी तीन वाजता कादंबरीला आणायला जातेस. शाळेतून फोन आला तर पुण्याच्या पावसाबद्दल बोलू नकोस. (नंबर तुझाच दिलाय. पुढचं एक्याण्णव त्यांना दिसेलच, असं लीनाचं म्हणणं.)

ता. क. दुसरा. अर्जाची प्रत प्रिंटरवरच राहिली आणि ती कादंबरीने वाचली. तीन दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते, "आत्या इज कमिंग?" खोटं लिहिलंय म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून हो म्हणून बसलो. आता ती तनयाला सोडून दुसऱ्या शाळेत जायला तयार आहे, आणि तू गेटच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही तिने ठरवलंय. सीमा दीड वर्ष बंद आहेत, कधी उघडतील कोणास ठाऊक. तू पासपोर्टची मुदत तेवढी बघून ठेव आणि उघडल्या की ये. एक टर्म राहा, फार नाही. अगदीच जमणार नसेल तर मी अर्ज मागे घेतो; पहिली शाळा आहेच, आणि (फक्त तुला सांगतो) खरी बेरीज केली तर तीच पुढे होती. पण तू येणार नाहीस, हे पोरीला तूच सांग. माझ्याच्याने व्हायचं नाही.