लिलावाच्या दिवसाचं गाऱ्हाणं

आई, आज देवळात मी सगळ्यांसमोर फिस्सकन हसले. हसायची ती जागा नव्हती आणि माझं वय तर मुळीच नव्हतं. गुरव गाऱ्हाणं घालत होता, एकेक मागणं देवापुढे ठेवत होता, आणि जमलेली माणसं दर मागण्यामागे "व्हय म्हाराजा!" म्हणत होती, कुणी शेजाऱ्याशी बोलत, कुणी पोराचं नाक पुसत, कुणी नुसतंच छपराकडे बघत. गुरव काय मागतोय याकडे एकाचं लक्ष असेल तर शपथ! आणि मला तुम्ही दिसलात, पदर कमरेला खोचून अंगणात उभ्या. मग कसलं हसू आवरतंय? शेजारीण म्हणाली, "काय गो, काय झालां तुका?" तिला काय सांगणार, कपाळ? घरी आले आणि चहासुद्धा न टाकता लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. पण एक सासू सोडून ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला सांगू, आणि कुणाला तिची तेवढी गंमत कळणार?

सगळा घोळ सहीचा, म्हणून तिथूनच सांगते. तुमच्या चिरंजीवांना मुंबईत भागीदारीत सुक्या मासळीचा धंदा काढायचा होता. घर आणि मागची माडांची बाग आम्हा नवराबायको दोघांच्या नावावर, कारण घर बांधताना माझ्या वडिलांनी मसुऱ्याची जमीन विकून निम्मा खर्च उचलला होता. ते घर-बाग मालवणच्या सावकाराकडे गहाण टाकायचं ठरलं. गहाणखतावर दोघांच्या सह्या. मी सातवी पास झालेली, आणि सही म्हणाल तर लफ्फेदार! कचेरीतला कारकून म्हणाला, "वा, वहिनींचं अक्षर मोत्यासारखं आहे," तशी मी शेवटचं अक्षर आणखी सावकाश काढलं. घरी आले तेव्हा तुम्ही चुलीपुढे बांगडे परतत होतात. "वाचलंस काय गो ता?" तुम्ही विचारलंत. म्हटलं, "वाचलं ना. कर्ज दोघांचं आहे." तुम्ही उलथणं वर धरून म्हणालात, "दोगांचां म्हणजे कोणाचां?" मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय. मी हसले आणि ताटं घेतली.

पुढे तीन-चार वर्षांत त्यांनी मुंबईत दुसरा संसार मांडला. लोक सांगत होते, मी ऐकत नव्हते. शेवटी डोळ्यांनी बघून आले. परतीच्या बोटीवर मी एकच विचार करत होते, की तुम्ही आता मला मसुऱ्याला माहेरी जायला सांगणार. कोणती सासू सांगणार नाही? बोट लागली तर धक्क्यावर तुम्ही, छत्री घेऊन, माझ्यापेक्षा जास्त रागावलेल्या. "जेवलंस?" हा पहिला प्रश्न. आणि वाटेत, मी काही न विचारताच, "तो माझो झील आसा आणि तू माझी सून आसस. झील गेलो म्हणान सून कित्याक घालवू?" नंतर कोर्टातून रीतसर फारकतही झाली. गावाने तोंडाला पदर लावून काय बोलायचं ते बोलून घेतलं. मी मात्र मनात हिशेब मांडून मोकळी झाले होते: नवरा सुटला, निम्मं कर्ज त्याच्याबरोबर गेलं, निम्मं माझं. बागेच्या नारळांवर फेडीन, त्यात काय!

आणि मग ती बातमी. मुंबईत भागीदाराने हात वर केले, धंदा बसला, आणि फेडायला काही उरलं नाही म्हणून चिरंजीवांनी कोर्टात नादारी घेतली. खरं सांगू? मला आधी बरं वाटलं. म्हटलं, भोगा! आठ-पंधरा दिवसांनी सावकाराची नोटीस आली ती माझ्या नावाने, आणि निम्म्या कर्जाची नव्हे, सगळ्याच्या सगळ्या. मी नोटीस घेऊन वकिलाकडे धावले, आणि तुम्ही, "थांब, माका पण येवचां आसा," म्हणत चपला शोधायला लागलात.

अजून ती खोली दिसते. वकील पानाचा विडा बाजूला ठेवतात. मी तावातावाने सांगते आहे, "साहेब, माझी फारकत झालीय. कागदावर सह्या दोन आहेत. माझी निम्मी जबाबदारी मी मानते, नाही कुठे म्हणते?" वकील हसले नाहीत, हे त्यांनी बरं केलं. म्हणाले, "बाई, अर्धी सही नसते. दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज सावकार दोघांपैकी कुणाहीकडून पुरतं मागू शकतो. त्यांना कोर्टाने नादार ठरवलं, त्यांच्यामागचा तगादा थांबला. तुमच्यामागचा नाही. आणि फारकत तुम्ही नवऱ्याशी घेतलीत, सावकाराशी नव्हे." तुम्ही पुढे सरकलात. "म्हणजे बुडालो तो सुटलो, आणि तरली ती अडाकली? बरो तुमचो कायदो!" वकील म्हणाले, "आहे खरा तसा, आजी." घरी येईपर्यंत रस्ताभर मी तुमच्या मुलाला शिव्या घातल्या, आणि आई, माझ्या जिथे संपल्या तिथे तुम्ही पुरवल्यात.

दावा झाला, निकाल सावकाराच्या बाजूने लागला, आणि घर-बागेच्या लिलावाची दवंडी पिटली गेली. लिलाव आमच्याच अंगणात व्हायचा होता. आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडत होते. मसुऱ्याला आता भावाचा संसार, तिथे मी कशी जाऊ. आणि मी गेले तर तुम्ही कुठे? मुंबईला, त्या दुसरीच्या घरी? तुम्ही पाट्यावर वाटप वाटत होतात. हात न थांबवता म्हणालात, "रडतंस कित्याक? रडान घर रवता काय? नारळ खव." मला असा संताप आला! घर चाललंय आणि ह्यांना कालवणाचं पडलंय! खोबरं खवलं, पण बोटही कापून घेतलं रागात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही अंगण सारवताय. लिलावाला येणाऱ्या माणसांसाठी! वर केळीचं पान, विडा, नारळ मांडलेला. मला वाटलं, संपलं, म्हातारीचं डोकं फिरलं. तेवढ्यात माणसं यायला लागली. गावातले मोठे बागायतदार आले, बाजारातला हॉटेलवाला आला, होड्यांचे मालक दोघे भाऊ आले, आणि सावकार फणसाच्या सावलीत छत्री टेकून उभा राहिला. ढोल वाजला. कोर्टाचा बेलीफ शुद्ध मराठीत लिलावाच्या अटी वाचू लागला तशा तुम्ही पदर खोचून त्याच्यापुढे उभ्या राहिलात. "बेलीफसायबा, माझ्या अंगणात देवाक नारळ दिल्याशिवाय काय एक काम जावचां नाय. मग तुमचां काय ता चलांदे." बेलीफ झाला तरी माणूस इथलाच. त्याने कागद मिटला आणि चपला काढल्या. त्याने काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या.

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. पण तुमचा आवाज! गुरवाने लाजावं असा. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! आज ही मंडळी आपलो कामधंदो टाकून हय इली, तेंच्या पोराबाळांचां बरां कर रे म्हाराजा!" आणि काय सांगू आई, सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा!" "तेंच्या होडयेक मासळी दी, तेंच्या माडाक नारळ दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हॉटेलवाल्याने तर डोळेच मिटले होते. "तेंच्यार कोणाची वायट नजर पडली, तर ती परती फिरव रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि त्याच दमात, सूर तसूभरही न बदलता, "आणि ह्या दोन बायलमाणसांच्या घराचो एकय दगड, बागेतलो एकय माड, ह्येंच्यातल्या कोणाच्याय दारात जाव दी नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं! बेलिफाने म्हटलं, ढोलवाल्याने म्हटलं, सावकाराने म्हटलं! म्हणून झाल्यावर एकेकाचं तोंड उघडंच राहिलं. तुम्ही शांतपणे नारळ फोडलात, खोबऱ्याचे तुकडे वाटलेत आणि बेलिफाला म्हणालात, "हां, आता चलांदे तुमचां." बेलीफ खाकरला. "बोली बोला, मंडळी." कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी माडाकडे. होडीवाल्यांतल्या धाकट्याने तोंड उघडलं, तर थोरल्याने त्याचा सदरा ओढला. "गप रव मेल्या! आताच व्हय म्हटलंस मा?" बेलिफाने पुन्हा विचारलं, मग पुन्हा विचारलं, आणि शेवटी गिऱ्हाईक नाही म्हणून कागदावर लिहून मोकळा झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर दाबून हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. आई, तेवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, सातवी पास झाले तेव्हा झाला नव्हता, कधीच झाला नव्हता. मी तुम्हाला मिठी मारली तर तुम्ही म्हणालात, "सर परती, हाताक खोबऱ्याचां तेल आसा."

दुसऱ्या दिवशी सावकार एकटाच आला आणि ओट्यावर बसला. त्याचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा. कोर्टाची परवानगी काढून तो स्वतः घर घेऊ शकत होता, वकिलाने मला ते सांगून ठेवलं होतं, म्हणून मी दारामागे उभी राहून ऐकत होते. तो म्हणाला, "म्हातारे, फसवलंस गो माका. मी पण व्हय म्हटलंय." तुम्ही त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलात. "फसवूक नाय. थांबवलंय. देवाक मधी घालून दिवस मागान घेतलंय, पैसो बुडवूक नाय. तुझो पैसो तुका मिळतलो. पुरो." मी दारामागून न राहवून म्हटलं, "पुरा? आई, त्यांच्या वाटणीचासुद्धा?" तुम्ही मागे वळून बघितलंत. "सही तुझी आसा मा? दोगांचां म्हणजे कोणाचां, ता कळलां आता?" सावकाराने हप्ते मान्य केले. जाताना म्हणाला, "देवाक सांगा, मी आयकलंय म्हणान," आणि तुम्ही म्हणालात, "सांगतंय."

मग सुरू झाली आपली खाणावळ. एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री मालवणात मुक्कामाला असायचे. तुम्ही रांधायचं, मी वाढायचं आणि पैसे घ्यायचे. लोकांना वाटायचं बिचाऱ्या राबतायत. राबत होतोच, पण मजा किती होती! एकदा एक ड्रायव्हर म्हणाला, आमटीत मीठ जास्त झालंय. तुम्ही आतून ओरडलात, "तुझी गाडी येळार येणा नाय तेव्हा मी काय बोलतंय काय रे?" सगळी पंगत हसून लोळली, आणि तो माणूस बदली होईपर्यंत दुसरीकडे जेवला नाही. वर्षं गेली, हप्ते गेले, आणि एका दुपारी सावकाराने गहाणखत माझ्या हातात परत दिलं. मी ते तुम्हाला वाचून दाखवायला लागले तर म्हणालात, "आता वाचतंस? वाचूचां तेव्हा वाचलंस नाय."

त्यानंतर काही महिन्यांनी ते आले. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. अंगणातूनच म्हणाले, "आये, चल मुंबईक. आता सगळां मिटलां." मी आत ताटं मांडत होते, हात तिथेच थांबले. कर्जाच्या वेळी भ्याले नव्हते इतकी मी त्या क्षणी भ्याले. मुलगा तो मुलगा. कोणती आई नाही जाणार? तुम्ही त्यांना ओट्यावर बसवलंत, पाणी दिलंत, आणि मग म्हणालात, "तू माका हिच्याकडे गहाण टाकून गेलंस रे. हिणा सोडवल्यान. आता मी हिची." एवढंच. आवाज चढवला नाहीत. त्यांना पानावर बसवून सुरमईची मोठी तुकडी वाढलीत, आणि दुपारच्या गाडीने ते गेले. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, आणि मीही जेवण्याचा आग्रह केला नाही.

हे पत्र आता घडी करून कपाटात ठेवीन, टाकणार कुठे? फक्त एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेलात तेव्हा ते मुंबईहून पोचायचे होते, म्हणून नोंद करायला नगरपालिकेत मीच गेले. कारकुनाने विचारलं, "मयताशी नातं?" फारकत झालेली सून म्हणजे कायद्याने कोणीच नाही, हे मला वकिलांमुळे चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "लेक." त्याने लिहिलं, आणि मी खाली सही केली, पुरी. खोटं आहे ते, आई, सरकारदरबारी खोटं आहे, आणि दुरुस्त करायला मी अजून गेलेली नाही.